वाघोलीचा फ्लॅट आणि दोनशे पानी वही

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नात पंगत उठल्यावर नात्यातले एक भावजी माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अडतिसाचा फ्लॅट अठ्ठावन्नाला गेला म्हणे! वीस लाख सुटले की राव." नवरा नुसता हसला. मीही काही बोलले नाही, लग्नघरात कुठे हिशोब काढत बसायचं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. २०१४ साली आम्हाला वाघोलीला नेणारं वाक्य याच्याच जातीचं होतं. "बाविसशेने घेतला होता, आज अडतीसशेचा भाव चाललाय," असं नवऱ्याच्या कारखान्यातल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. घेतानाचा भाव आणि आजचा भाव, एवढ्या दोनच आकड्यांवर लोक बोलतात. आमच्या फ्लॅटची मधली दहा वर्षं माझ्याकडे एका दोनशे पानी वहीत आहेत, आणि ती वाचल्याशिवाय त्या वीस लाखांबद्दल काही म्हणता येत नाही.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळेत गणित शिकवते. नवरा भोसरीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. राहायला दिघीत आमचं छोटं घर होतं, कर्ज फिटलेलं. तेव्हा थोरली सातवीत होती, धाकटा तिसरीत. विचार साधा होता. खराडीत आयटीच्या इमारती उठत होत्या, वाघोली तिथून जवळ, विमानतळ जवळ. बांधकाम चालू असताना स्वस्तात फ्लॅट घ्यायचा, दोन वर्षांत ताबा, मग भाड्याने द्यायचा आणि थोरलीच्या इंजिनिअरिंगच्या वेळी विकायचा. सोनं लॉकरमध्ये पडून राहतं, शेअर बाजाराची भीती वाटते, घर मात्र डोळ्यांना दिसतं, असं आम्ही एकमेकांना समजावत होतो.

रविवारी साइटवर गेलो तर नमुना फ्लॅट बघूनच जीव हरखला. पुढच्या महिन्यापासून चौरस फुटामागे शंभर रुपये वाढणार आहेत, असं सांगितलं गेलं. आम्ही त्याच दिवशी ५१ हजारांचा चेक दिला. गणिताची शिक्षिका असून मी त्या दिवशी एकच गुणाकार केला. ९८० चौरस फूट गुणिले ३,९०० रुपये, म्हणजे ३८ लाख २२ हजार.

खरी किंमत पुढच्या दोन महिन्यांत एकेका कागदावर दिसत गेली. पार्किंगचे २ लाख. पायाभूत सुविधा, वीजजोडणी आणि एकरकमी देखभाल या नावांखाली अडीच लाख, ते ताब्याच्या वेळी द्यायचे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, १ टक्का व्हॅट आणि ३.०९ टक्के सेवाकर मिळून पावणेचार लाख. अडतीस लाखांचा फ्लॅट साडेशेचाळीसवर गेला. चौरस फुटाचा भाव विचारणाऱ्या एकाही नातेवाइकाला मी हा आकडा कधी सांगितला नाही, कारण तो कुणी विचारलाच नाही.

९८० फुटांचं गणितही तसंच. साठेखतात चटई क्षेत्र ६९० चौरस फूट लिहिलं होतं. बाकीचे २९० फूट जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस यांच्या नावाने आमच्या माथी होते. पुढे ताबा मिळाल्यावर नवऱ्याने कारखान्यातली टेप आणून प्रत्येक खोली मोजली. त्याच्या हातात मोजमापाची सवयच आहे. क्षेत्र बरोबर भरलं, फसवणूक तिथे नव्हती. पण ज्या जागेत पाय ठेवता येतो तिचा भाव काढला तर तो साडेपाच हजारांच्या वर पडत होता. २०१७ पासून रेरा या घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने चटई क्षेत्र सांगणं बंधनकारक केलं. आम्ही घेतलं तेव्हा जाहिरातीत तो शब्द शोधूनही सापडत नव्हता.

पैसे कसे उभे केले तेही सांगते. ३० लाख कर्ज, बाकी आमचे. त्यात ४ लाख माझ्या सासऱ्यांचे, अण्णांचे होते. अण्णा कोरेगाव तालुक्यातले शेतकरी. त्या वर्षी आल्याला चांगला भाव लागला होता. पैसे देताना त्यांनी भाव विचारला नाही, इमारत किती मजल्यांची तेही नाही. एवढंच विचारलं, "पाणी कुठनं येतंय तिथं?" मी म्हटलं, "बोअर आहे अण्णा, पुढे नळाचंही येईल." ते गप्प बसले. मला वाटलं, शेतकरी माणूस, सगळीकडे विहीरच बघणार.

वही मी पहिल्या हप्त्यापासून ठेवली. तारीख, कुणाला, कशासाठी, किती. हे एक काम मात्र मी बरोबर केलं.

बांधकाम चालू असतानाचं कर्ज कसं चालतं हे आम्हाला कर्ज घेतल्यावर कळलं. पाया झाला की बिल्डरचं मागणीपत्र येतं, बँक तेवढी रक्कम देते. पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, वीटकाम, असं करत रक्कम वाढत जाते आणि दिलेल्या रकमेवरचं व्याज दर महिन्याला आपल्या पगारातून जातं. याला प्री-ईएमआय म्हणतात. नावात ईएमआय असल्यामुळे मला वाटत होतं की कर्ज फिटत चाललंय. २०१६ च्या मार्चमध्ये बँकेचं वार्षिक विवरण आलं, तेव्हा मुद्दलाच्या रकान्यात एक रुपयाही कमी झालेला नव्हता. आम्ही तेव्हा महिन्याला १५ हजारांच्या वर भरत होतो. त्या संध्याकाळी मी वहीत व्याजाची वेगळी बेरीज सुरू केली. दर १०.१५ टक्के होता. पुढे बाजारात व्याजदर उतरले, नव्या ग्राहकांना स्वस्तात कर्ज मिळू लागलं, पण आमचं जुनं कर्ज जुन्याच पद्धतीत अडकलेलं. अर्ज करून, शुल्क भरून ते बदलून घ्यावं लागतं, आपोआप काही होत नाही, हेही बऱ्याच उशिरा समजलं.

साठेखतात ताब्याची तारीख होती डिसेंबर २०१६.

२०१६ च्या दिवाळीपर्यंत सांगाडा उभा राहिला होता, भिंती अर्ध्या. मग ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली आणि साइटवरची माणसं एकदम कमी झाली. बिल्डरच्या कार्यालयात गेलं की चहा मिळायचा आणि नवी तारीख मिळायची. गुढीपाडवा, गणपती, दसरा. एवढे सण आम्ही आधी कधी मोजले नव्हते. महिन्याला आता २० हजारांच्या आसपास व्याज जात होतं, आणि ज्या भाड्याच्या भरवशावर हे मांडलं होतं ते भाडं यायला घराला अजून दारंही बसली नव्हती.

१ मे २०१७ पासून रेरा पूर्णपणे लागू झाला. चालू प्रकल्पांना जुलैअखेरपर्यंत नोंदणी करायची होती. आमचाही प्रकल्प महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर आला. मी रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर पान उघडलं आणि पूर्णत्वाची तारीख वाचली, डिसेंबर २०१९. आमच्या हातातल्या नोंदणीकृत कागदावर एक तारीख आणि सरकारी पानावर तीन वर्षं पुढची दुसरी तारीख. मला वाटलं संपलं, आता हीच कायदेशीर झाली. तसं नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेरा वैध ठरवला तेव्हा हेही स्पष्ट केलं की बिल्डरने नोंदणीत नवी तारीख दिली तरी ग्राहकाच्या करारातली तारीख पुसली जात नाही, उशिराचं व्याज करारातल्या तारखेपासूनच मोजायचं. कायद्याचं कलम १८ सांगतं की ताबा उशिरा मिळाला तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर हवंच असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा, म्हणजे बँकेच्या कर्जाच्या पायाभूत दरापेक्षा, २ टक्के जास्त आहे. आम्ही भरलेल्या रकमेवर ते वर्षाला तीन लाखांच्या घरात जात होतं.

आम्ही खरेदीदार व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र आलो. पहिल्यांदा सव्वीस जण होतो. सह्या करायची वेळ आली तेव्हा नऊ उरलो. २०१८ मध्ये महारेराच्या सलोखा मंचाकडे गेलो. तिथे ग्राहकांच्या बाजूचा एक आणि विकसकांच्या संघटनेचा एक असे दोन प्रतिनिधी समोर बसतात आणि दोन्ही पक्षांना एका टेबलाशी आणतात. वकील लागत नाही. मला तो दिवस आठवतो कारण बिल्डरचा माणूस आमच्याशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसून समान उंचीवर बोलला. आमचं ऐकलं गेलं, मुद्देसूद ऐकलं गेलं. पण शेवटी सही आमची होती. "व्याज मागितलंत तर काम थांबेल, पैसा कुठून आणू," हे वाक्य त्याने तीनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा ते आमच्यातल्या सगळ्यांच्या पोटात गेलं. आम्ही व्याज सोडलं. बदल्यात ताब्याच्या वेळच्या अडीच लाखांतले दीड लाख माफ झाले आणि ३० जून २०१९ ही तारीख लेखी मिळाली. ती पाळली गेली. तरीही मला आज वाटतं की आम्ही घाईने सही केली. पूर्ण सुनावणीला जायला हवं होतं. हक्काचं व्याज चुकीच्या भीतीपोटी सोडलं, याचं मला घर विकल्यावरही वाईट वाटतं.

ताबा मिळाला तेव्हा वहीतली ताब्याआधीच्या व्याजाची बेरीज साडेनऊ लाख झाली होती. कर्ज मात्र पूर्ण ३० लाख शिल्लक. तिथून खरा हप्ता सुरू झाला, २६ हजार ४०० रुपये.

भाडेकरू मिळायचा तर पंखे, गीझर, ग्रिल, स्वयंपाकघरात ट्रॉल्या हव्यात. एक लाख ऐंशी हजार. सप्टेंबर २०१९ ला आयटीतली तीन मुलं आली, १२ हजार भाडं. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी आहे. अकरा महिन्यांचा असला तरी त्यातून सुटका नाही. एजंट घरीच अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्यात अडचण काही आली नाही. १२ हजारांतून देखभाल खर्च २,८०० वजा करा. म्हणजे ९ हजार २०० येत होते आणि २६ हजार ४०० जात होते. भाड्यातून हप्ता निघेल असं ज्याने सांगितलं होतं त्याने हे गणित कधी मांडलंच नसावं. मांडायचं सोपं आहे. वर्षाचं भाडं भागिले घराची पूर्ण किंमत. आमचं तीन टक्क्यांपर्यंत जेमतेम पोचत होतं, तेही देखभाल वजा न करता, आणि कर्ज पावणेनऊ टक्क्यांचं.

त्या २,८०० रुपयांतला मोठा भाग टँकरचा होता. बोअर मार्चमध्ये आटायची. उन्हाळ्यात गेटवर टँकरची रांग लागायची आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी रिकाम्या नळाचा फोटो टाकायचं. अण्णांनी विचारलेला प्रश्न मला दर उन्हाळ्यात आठवायचा. अख्ख्या माहितीपुस्तिकेत पोहण्याच्या तलावाचं चित्र दोन पानं भरून होतं, प्यायचं पाणी कुठून येणार यावर एक ओळ नव्हती. आणि आम्हीही विचारलं नव्हतं, कारण आम्हाला तिथे राहायचं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मुलं गावी गेली, मेमध्ये सामान न्यायला एक जण आला आणि चावी देऊन गेला. त्यांचा दोष नाही, घरून काम करायचं तर पुण्यात कोण राहील. घर डिसेंबरअखेरपर्यंत रिकामं राहिलं, हप्ता चालू. त्याच वर्षी थोरली बारावी झाली आणि इंजिनिअरिंगला लागली. ज्या दिवसासाठी हे घर घेतलं तो दिवस आला होता. सप्टेंबर २०२० पासून सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक फिरत होतं. पण ३६-३७ लाखांच्या वर कुणी जाईना. त्यातून बँकेचे साडेएकोणतीस फेडले की उरलं काय? विकलं नाही. लेकीसाठी शैक्षणिक कर्ज काढलं. एका कर्जाचं घर असताना त्याच घराच्या उद्देशासाठी दुसरं कर्ज. त्या अर्जावर सही करताना मला फार अपराधी वाटलं, तिच्यासमोर.

माझा एक मोठा समज तिथे मोडला. घर ही मालमत्ता आहे हे खरं, पण गरज मंगळवारी लागली तर ते मंगळवारी विकता येत नाही. आणि अर्धी खोली विकून फी भरता येत नाही.

मध्येच २०२१ च्या ऑगस्टमधली गोष्ट सांगायला हवी. फ्लॅटने पोळलो तर नवऱ्याच्या मनात आलं, जमीनच बरी. शिक्रापूरजवळ प्लॉट पडलेत असं कळलं. फक्की मारून आखलेले चौकोन, कोपऱ्यांत सिमेंटचे खांब, रस्त्याच्या तोंडाशी कमान. दोन गुंठे, ९ लाख. त्या वेळी अण्णा आमच्याकडे आले होते, त्यांनाही नेलं. एजंट म्हणाला, "अकरा गुंठ्यांचं एकत्र खरेदीखत करू, पाच जणांची नावं सातबाऱ्यावर सामाईक लागतील. आपापसात वाटणी नोटरीवर. सगळे असंच करतात." अण्णा कमानीखालच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सातबारा हाय का जवळ? आन् फेरफार?"

एजंटने मोबाइलवर सातबारा दाखवला. अण्णांनी तो माझ्याकडून मोठा करून घेतला आणि पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, जसं मी पोरांना उदाहरण वाचायला सांगते तसं. मालक म्हणून दोन भावांची नावं. इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा. मग वारसाचा फेरफार उघडायला लावला. त्यात दोन भाऊ आणि चार बहिणी. अण्णांनी मान वर केली. "ह्या चौघी कुठायत? हक्कसोड झाल्याली दिसत न्हाई." एजंट म्हणाला, "त्यांची काही हरकत नाही काका." अण्णा म्हणाले, "हरकत न्हाई तर सह्या करायला काय झालं?"

त्यापुढचं मी वाचलेलं होतं. शेतजमिनीचा प्रमाणभूत, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकडा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे तेव्हा असा विकता येत नव्हता, आणि महिनाभरापूर्वीच, १२ जुलै २०२१ ला, मंजूर रेखांकन असल्याशिवाय असे तुकडे नोंदवू नका असं परिपत्रक निबंधक कार्यालयांना गेलं होतं. ते परिपत्रक पुढच्या वर्षी औरंगाबाद खंडपीठाने रद्द केलं, पण त्याने त्या चार बहिणींच्या सह्या आल्या नसत्या. बिनशेती आदेश विचारला, तर "प्रोसेसमध्ये आहे". आम्ही गाडीत बसलो. अण्णा वाटेत एवढंच म्हणाले की नोटरीवर भाकरी वाटून घेता येत नाही, जमीन कशी येईल. त्या नऊ लाखांसाठी आम्ही मुदत ठेवी मोडणार होतो. सात वर्षांपूर्वी वाघोलीला जाताना त्यांना सोबत नेलं असतं तर, हा विचार मी अजूनही करते.

फ्लॅटचं पुढे हळूहळू बरं होत गेलं. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोली होती. भाडं ११ हजारांवरून चढत २०२४ ला १७ हजार झालं. कर्ज मी रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी, जोडून घेतलं होतं, दर ७ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि दोन वर्षं बरी गेली. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो ४ वरून चढवत फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर नेला. आमचा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून लक्षात आलं नाही. मुदत लांबली होती. विवरणात कर्ज संपण्याचं वर्ष बघितलं तेव्हा कळलं.

सोसायटी स्थापन झाल्यावर भाड्याने दिलेल्या घरांना सरसकट महिना हजार रुपये जादा लावले गेले. हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा २००१ चा शासन निर्णय आहे. तो छापून सभेत नेला, वाचून दाखवला, शुल्क कमी झालं. शांतपणे झालं. अशा वेळी कागद जवळ असला की आवाज चढवावा लागत नाही.

२०२४ मध्ये विकायचं ठरवलं. पहिलं गिऱ्हाईक मार्चमध्ये आलं आणि पार्किंगवर अडलं. आमच्याकडे २ लाखांची पावती होती, पण साठेखतात पार्किंगचा उल्लेख नव्हता. तेव्हा कळलं की २०१० सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, मोकळं किंवा खांबांमधलं पार्किंग ही सोसायटीची सामाईक जागा आहे, बिल्डरला ती फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. म्हणजे आम्ही २ लाख अशा गोष्टीसाठी दिले जी त्याला विकताच येत नव्हती आणि म्हणून आम्हालाही पुढे विकता येत नव्हती. सोसायटीकडून वाटपपत्र घेतलं, त्यात तीन महिने गेले, ते गिऱ्हाईकही गेलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये ५८ लाखांना व्यवहार झाला.

कर्जाचे २५ लाख थेट बँकेला गेले, एक टक्का दलाली, एक टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरला. आमच्या खात्यात ३१ लाख ८४ हजार आले. इतके पैसे एकत्र आम्ही आयुष्यात पाहिले नव्हते. नवरा म्हणाला, झालं ते चांगलं झालं. त्या रात्री मी वही काढली.

फ्लॅट, कर आणि शुल्कं मिळून ४५ लाख. सामान १ लाख ८०. ताब्याआधीचं व्याज साडेनऊ लाख, नंतरचं १२ लाख. देखभाल १ लाख ८०, भाडेकरू आणण्याची दलाली आणि रंगकाम लाखभर. गेले ७१ लाख १० हजार. आलेले म्हणजे विक्रीची दलाली वजा जाता ५७ लाख ४०, सगळं भाडं ७ लाख १०, व्याजामुळे वाचलेला आयकर २ लाखांच्या आसपास. आले साडेसहासष्ट लाख. दहा वर्षांत साडेचार लाखांहून थोडं जास्त आमच्या खिशातून गेलं. आमचे स्वतःचे १५ लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले असते तरी जवळजवळ दुप्पट झाले असते.

मी बेरीज तीनदा केली. मग नवऱ्याला दाखवली. त्याने वही हातात घेतली आणि बराच वेळ पहिली पानं चाळत राहिला, जिथे त्याच्या अक्षरात "बुकिंग ५१,०००" लिहिलेलं आहे.

सीएकडे गेलो तेव्हा हीच गोष्ट दुसऱ्या भाषेत ऐकली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात नियम बदलला होता, पण आधी घेतलेल्या घरांना जुन्या पद्धतीने कर मोजायची मुभा मिळाली होती. जुन्या पद्धतीत महागाई निर्देशांक लावतात. २०१४-१५ चा २४०, २०२४-२५ चा ३६३. साठेखताची किंमत आणि कर मिळून आमचे ४२ लाख, ते निर्देशांकाने साडेत्रेसष्ट लाख झाले. विक्री ५८ ची. "ताई, कर शून्य," सीए हसून म्हणाले. मी त्या कागदाकडे बघत बसले. २०१४ च्या ४२ लाखांचे २०२४ मध्ये साडेत्रेसष्ट होतात हे सरकारी तक्त्यातच लिहिलेलं आहे, आणि आम्हाला मिळाले अठ्ठावन्न.

मी कुणाला घर घेऊ नका म्हणत नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी त्याच सुमारास तयार, भोगवटा प्रमाणपत्र असलेला जुना फ्लॅट घेतला, कर्ज थोडं, भाडं पहिल्या महिन्यापासून, आणि त्यांचं गणित आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं बसलं. राहायला घेतलेल्या घराचा तर हिशोबच वेगळा. स्टाफरूममध्ये कुणी गुंतवणुकीचा फ्लॅट काढला की मी त्यांना कोरा कागद देते आणि डाव्या बाजूला तारखा लिहायला सांगते, आजपासून विकण्याच्या दिवसापर्यंत, आणि प्रत्येक तारखेपुढे काय जाणार, काय येणार. ताब्याची तारीख दोन वर्षं पुढे ढकलून पुन्हा. मग घर सहा महिने रिकामं धरून पुन्हा. काही जण रागावतात. एका तरुण शिक्षकाने मात्र दुसऱ्या दिवशी तो कागद भरून आणला, आणि बुकिंगऐवजी सातबारा आणि शोध अहवाल मागायला गेला.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात खूप गर्दी होती. घेणारं जोडपं तिशीतलं, सोबत मुलाची आई. त्या बाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत देवाचा छोटा फोटो, तिथूनच थेट घरी जायचं होतं त्यांना. मला म्हणाल्या, "सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं हो? तुळस ठेवायचीय." मला सांगता येईना. आमच्यापैकी कुणी त्या घरात एक रात्रही झोपलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आणि पाणी किती वाजता येतं?"

ते मला माहीत होतं. पर्समधून कागद काढून मी लिहून दिलं. सकाळी साडेसहा ते साडेसात, संध्याकाळी सहा ते सात, मार्चनंतर टँकर, त्याआधी पिंपं भरून ठेवा, आणि स्वयंपाकघरातल्या नळाचा दाब कमी असतो, प्लंबरचा नंबर हा.